गयामावशीचं पहिलं पाणी

एस.टी.च्या कंडक्टरला दोनच तऱ्हेची माणसं मनापासून चिडवू शकतात. एक, पाचशेची नोट पुढं करून पुढच्याच फाट्याचं तिकीट मागणारा. दुसरा, गाडी सुटायच्या वेळेला सीटवर पिशवी ठेवून गायब होणारा. औंढ्याच्या गयामावशीनं पहिल्याच भेटीत माझे चार उतारू गायब केले होते. तेव्हा आमच्या ओळखीची सुरुवात भांडणानं झाली हे सांगायला नकोच.

मी शिरड शहापूरची. वसमत, औंढा, हिंगोली हा माझा रस्ता. माझी गाडी वेळेवर सुटते आणि माझं तोंड त्याच्याही आधी सुटतं, असं डेपोत म्हणतात. त्यात खोटं काही नाही.

त्या दिवशी सेनगावकडच्या चार म्हाताऱ्या नागनाथाच्या दर्शनाला आल्या होत्या. परतीच्या गाडीत त्यांच्या पिशव्या होत्या, त्या नव्हत्या. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवून वाजवून स्टँडवरची कुत्री उठवली. शेवटी मी तिकिटाचं मशीन गळ्यात तसंच ठेवून देवळाच्या गल्लीत घुसले. बेलफुलं, कुंकू, रुद्राक्ष, पेढे, देवाचे फोटो, सगळी दुकानं पाहिली. गल्लीच्या टोकाला एका बुटक्या दुकानात या चौघी ओळीनं मांडी घालून बसलेल्या. कीर्तनाला बसावं तशा. पुढं एक तांब्याचं भांडं साखळीनं टांगलेलं, त्याच्या बुडातून थेंब थेंब पाणी खालच्या घमेल्यात पडत होतं, आणि या ते बघत होत्या.

"गाडी सुटून राहिली अन् तुमी इथं काय बघून राहिल्या?" मी ओरडले.

"गप गं," त्यांच्यातली एक म्हणाली. "निम्म्यावर आलंय."

भांड्याच्या पलीकडं एक बुटकी, काळीसावळी बाई बसली होती. साठीच्या आसपासची. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, थेंबाकडंच बघत म्हणाली, "बस माय. गाडी उद्या बी येती. हे भांडं इथून एकदाच जातंय."

मी त्या दिवशी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "झालं? आता पानी पी." तांब्याच्या पेल्यात दिलेलं ते पाणी मी रागारागानं प्याले. म्हाताऱ्यांना तिथंच सोडून गाडी वेळेवर काढली. त्या मागच्या जीपनं आल्या असतील, पण मला त्या चौघींचा हेवा वाटत राहिला. का ते तेव्हा कळलं नाही.

पिंडीवर टांगतात ते अभिषेकाचं भांडं म्हणजे मावशीचं खास काम. आमच्याकडं त्याला गळती म्हणतात. दुनियेतला तांबट भांडं गळू नये म्हणून मरतो, हिची सगळी हुशारी भांडं नीट गळावं यात होती. बुडाला भोक पाडलं की झालं, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. भोक आतून टोचायचं, म्हणजे बाहेरच्या अंगाला त्याला बारीक ओठ येतो. थेंब त्या ओठावर गोळा होतो आणि सरळ खाली सुटतो. ओठ जरा बोथट राहिला तर भांडं भरलेलं असेतो काम बराबर चालतं, पण पाणी निम्म्यावर आलं की जोर कमी होतो, थेंबाला सुटायचं बळ राहत नाही, आणि तो भांड्याच्या पोटावरून सरकत जाऊन भलतीकडं पडतो. म्हणून मावशीचा नियम होता. भांडं विकलं की काठोकाठ भरायचं, टांगायचं, आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत गिऱ्हाइकानं समोर बसायचं. याला ती "पहिलं पाणी" म्हणायची. तास लागो, दोन लागोत. नसेल बसायचं तर नका घेऊ.

आता तीर्थाच्या ठिकाणी कोणाला दोन तास असतात? तरी माणसं बसायची.

हळूहळू माझी गाडी औंढ्याला लागली की माझे पाय त्या दुकानाकडं वळायला लागले. वीस मिनिटांचा थांबा. चहा स्टँडवर प्यायचा तो मी तिथं प्यायला लागले. ती मला नेहमी "कंडक्टरीण"च म्हणायची, माझं नाव सुमन आहे हे तिला चांगलं ठाऊक असून.

तिला जे दिसेल ते ठोकून ऐकायची सवय होती. माझा स्टीलचा डबा बोटाच्या पेरानं ठोकून म्हणायची, "ह्याला पोच आलाय. आदळलास कुठं?" एकदा बाजाराची पिशवी घेऊन ती माझ्या गाडीजवळून चालली होती, तर गाडीच्या अंगावर टकटक करत गेली. मागच्या चाकाजवळ थांबली. "हा पत्रा सुटून राहिला," म्हणाली. ड्रायव्हर हसला. "मावशी, ही गाडी हाय, घागर न्हाई." पंधरा दिवसांनी तो पत्रा शिरड शहापूरच्या पुढं रस्त्यावर पडला आणि ड्रायव्हरला मागं पळत जाऊन तो उचलून आणावा लागला. तेव्हापासून तो तिला वाकून नमस्कार करायचा.

तांब्या, पेला, हंडा घ्यायला कोणी आलं की तिचा एकच प्रश्न असायचा, "पेयाला का मांडायला?" मोठ्या गाडीतून आलेल्या एका बाईनं सांगितलं, हॉलमध्ये ठेवायचाय, जुना वाटेल असा हवाय. मावशीनं हात लांब केला. "चौथ्या दुकानात जा माय. तिथं चकाकतं बी अन् जुनं बी हाय. माझ्याकडं नुसतं पेयाचं हाय." ती बाई खूप मिनतवारी करत होती, दुप्पट द्यायला तयार होती. मावशी भांडी मठारायच्या हातोडीचा दांडा पुसत बसली. बाई गेल्यावर मी म्हणाले, "काहून घालवली? वस्तू तर विकली असती." तर म्हणते, "त्या तांब्याला रोज पानी न्हाई मिळालं तर त्यानं काय करावं?"

आता तिच्या दुकानातली खरी गोष्ट. प्रत्येक भांड्याच्या काठाखाली एक शिक्का असायचा, गोलात "ना". ना म्हणजे नारायणराव, तिचा नवरा. पंचक्रोशीत नारायण तांबटाची गळती म्हणजे डोळे झाकून घ्यावी असं नाव. दुकानाच्या मागं गोणपाटाचा पडदा, पडद्याआडून सकाळी ठोक्यांचा आवाज यायचा. मावशी दुपारी बाहेर बसून विकायची. कोणी विचारलं, कारागीर कुठाय, तर म्हणायची, "आत हाय."

एकदा गाडी बंद पडली म्हणून मी सकाळीच जाऊन थडकले. ठोके चालू होते. मी हाका मारत पडदा बाजूला केला. आत मावशी एकटी. काष्टा घट्ट मारलेला, पायाच्या अंगठ्यानं हंडा दाबून धरलेला, उजव्या हातात हातोडी, तळहात हिरवट. नारायणरावांचा फोटो भिंतीला, त्याला हार.

"किती वर्सं झाली?" मी विचारलं.

"बारा."

"अन् लोकं?"

"लोकाला भांडं पायजे. शिक्का बघून घेत्यात." मग हातोडी खाली ठेवून म्हणाली, "बाईच्या हातचं देवावर टांगतील का, कंडक्टरीण? त्याहिनंच शिकिवलं मला. ठोका कानानं मारायचा, डोळ्यानं न्हाई, असं म्हणायचे. त्याहिच्या नावानं चाललंय, चालू दे."

शेजारच्या बांगड्यांच्या दुकानातले रज्जाकभाई, पेढेवाले, फुलवाल्या, सगळ्या गल्लीला हे माहीत होतं. गल्लीबाहेर एकालाही नाही. बारा वर्षं एवढ्या माणसांनी एक गोष्ट पोटात ठेवली, हे मी दुसरीकडं कुठं पाहिलेलं नाही. त्या दिवसापासून मीही गल्लीतली झाले.

आणि मीच घोळ घातला.

डोंगरकड्याचे विठ्ठलराव गावच्या महादेवासाठी मोठी गळती घ्यायला आले होते, सोबत आणखी दोघं. गावानं मिळून केलेलं काम. भांडं टांगलं, पहिलं पाणी सुरू झालं. एवढं मोठं भांडं, दोन तास तरी लागणार. त्यांना हिंगोलीहून पुढची गाडी धरायची होती. ती चुकली तर जीपच्या टपावर बसून जावं लागलं असतं, आणि एवढं भांडं टपावर कसं न्यायचं? मी तिथंच चहा पीत होते. थेंब तर असे सरळ पडत होते की बघत राहावं.

"मावशी, आता दे की," मी म्हणाले. "बराबर पडून राहिलंय. माझी गाडी सुटंल."

"निम्म्यावर येऊ दे."

"अगं, तुझं भांडं कव्हा चुकलंय का? म्हातारी माणसं हायत, तकलीफ होईल त्याहिला."

तिनं घमेल्यात एकदा वाकून बघितलं. मग उठून तिनं भांडं उतरवलं. माझ्या शब्दाखातर. गाडी वेळेवर सुटली आणि मी मनात म्हणाले, बघ, एकदा तरी हिला हलवलं.

पुढच्याच महिन्यात विठ्ठलराव माझ्या गाडीत चढले ते तोंड फुगवूनच. "नारायणरावानं गाव हसवलं," म्हणाले. "सकाळी पानी पिंडीवर पडतं, दुपारच्याला भिंतीवर. पिंड कोरडी राहून राहिली." मी तिकीट फाडल्यासारखं करून पुढं सरकले.

दुकानात मी त्यांच्या मागोमाग गेले. विठ्ठलराव म्हणाले, "नारायणरावाला भाईर बोलवा."

मावशीनं सगळं ऐकून घेतलं. "भांडं आणलंय का?"

"देवावर टांगलेलं भांडं आमच्यात गावाभाईर नेत न्हाईत. कारागीर पाठवा. तिथंच दुरुस्त होत असंल तर ठीक, न्हाई तर आमी मशीनचं आणतो. अन् साऱ्या गावाला सांगतो."

"सोमवारी कारागीर येईल," मावशी म्हणाली.

ते गेल्यावर रज्जाकभाई बांगड्यांचा बॉक्स हातात घेऊन तसेच आले. "भाभी, तुम नक्को जाव. मेरे भतीजे को भेजो, अवजार लेके. बोल देगा, नारायणचाचा बीमार है. बात खतम." बोलणं शहाणपणाचं होतं. ती स्वतः गेली तर बारा वर्षांचं झाकलेलं उघडं पडणार, आणि मग कुठलं गाव तिचं भांडं पिंडीवर टांगेल? दुकान बंद. नाही गेली तर मेलेल्या नवऱ्याचं नाव खराब. मी म्हणाले, "मावशी, माझ्यामुळं झालंय. मी जाऊन सांगते."

"काय सांगशील? तिकीट फाडल्यालं?" ती म्हणाली. मग मला दोष न देता ती घमेलं पुसायला लागली. त्यानं मला जास्त लागलं.

सोमवारी मी रजा टाकली आणि तिच्यासोबत निघाले. तिच्या मांडीवर पोत्यात गुंडाळलेली हातोडी, बारीक पोलादी टोचणी आणि एक लाकडी ठोकळा. वाटेत एकदा तिनं खिडकीची काच ठोकून बघितली.

डोंगरकड्याला देवळाच्या मंडपात निम्मं गाव जमलेलं. दोन बायका उतरलेल्या बघून विठ्ठलरावांनी मागं बघितलं, आणखी कोणी उतरतंय का म्हणून. "कारागीर?" मावशीनं भांडं गाभाऱ्यातून आणून मंडपात घंटेच्या कडीला टांगायला लावलं, खाली घमेलं ठेवलं, आणि काठोकाठ भरलं. थेंब सरळ पडायला लागले. माणसं हसली. कोणीतरी म्हणालं, "चांगलं तर हाय की."

"थांबा," मावशी म्हणाली. "निम्म्यावर येऊ द्या."

सगळे थांबले. तासाभरानं पाणी निम्म्यावर आलं आणि एक थेंब ओठावर अडकला. लोंबला, पण सुटला नाही. पोटावरून हळूहळू सरकत कडेला गेला आणि घमेल्याच्या बाहेर पडला. मग दुसरा. सगळ्या गावानं बघितलं.

विठ्ठलराव पुढं झाले. तसा माणूस वाईट नव्हता. त्यांनी शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "नारायणराव बी आता थकला असंल. हात चुकला म्हाताऱ्याचा. चालायचंच."

नुसती मान हलवायची होती तिनं. एवढ्यावर सगळं मिटत होतं. मी तर मनातल्या मनात नागनाथाला हात जोडले, की हिला गप बसू दे.

"नारायणराव चुकले न्हाईत," मावशी म्हणाली. आवाज नेहमीचाच, दुकानात बोलते तसा. "त्याहिला जाऊन बारा वर्सं झाली. हे भांडं म्या केलंय. बारा वर्सं सगळी भांडी म्याच केली. पहिलं पानी पुरं न करता दिलं, ही चूक माझी हाय. त्याहिचं नाव घेऊ नका."

मला राहवलं नाही, मी पुढं होऊन म्हणाले, "घाई मी केली होती, गाडी माझी होती." तिनं मला हातानं मागं सारलं. "गाडी तुझी होती. हात माझा होता."

मग एक जण म्हणाला, "पर बाईच्या हातचं गाभाऱ्यात..." त्याचं वाक्य पुरं झालं नाही. खांबाला टेकून एक म्हातारी बसली होती, पार वाकलेली. ती म्हणाली, "अन् ह्या गळतीत रोज पानी कोण भरतं रं? आडावरून घागर मी आणते, तुझी बायकू आणते. ते चालतंय व्हय?" बायका हसल्या. त्या माणसानं टोपी काढून डोकं खाजवलं.

विठ्ठलरावांनी भांडं उतरवून उरलेलं पाणी घमेल्यात ओतलं. मग मावशीला म्हणाले, "बाई, दुरुस्त होतंय का ते बघा."

तिनं भांडं ठोकळ्यावर घेतलं. आतून टोचणी धरली, कान खाली नेला, आणि चार-पाच ठोके मारले. मोठे नाहीत, दारावर कोणी हळूच वाजवावं तेवढे. मग भांडं वळवून तिनं काठाखालचा "ना" हातोडीनं सपाट केला. विठ्ठलराव म्हणाले, "शिक्का काहून काढला?"

"चुकल्याल्या भांड्यावर त्याहिचं नाव नगं."

भांडं पुन्हा टांगलं, पुन्हा काठोकाठ भरलं. "आता पहिलं पानी. ज्याला काम असंल त्यानं जावं," ती म्हणाली. कोणी गेलं नाही. दोन तास ते गाव खाली बसून एक थेंब बघत होतं. लेकरं मांडीवर झोपली. पाणी निम्म्यावर आलं. थेंब ओठावर आला, थांबला, आणि सरळ खाली गेला. शेवटचा थेंबही घमेल्याच्या मधोमध पडला.

म्हातारी खांबाजवळून म्हणाली, "आता नाव टाक की बाई."

तेव्हा मावशीनं टोचणीनं एक एक ठिपका मारत काठाखाली लिहिलं, गया. तिची सही बचत गटात शिकलेली, जरा वाकडी. आयुष्यात मला माझ्या माणसाचा कधी एवढा अभिमान वाटला असेल तर तो त्या मंडपात. आणि ती माझी नात्याची कोणी नव्हती.

नंतर सगळं गोडच झालं असं नाही. दोन-तीन गावांनी तिच्याकडं येणं बंद केलं. एका पुजाऱ्यानं तिचं भांडं काढून ठेवलं असंही कानावर आलं. पण ज्या गावांनी डोंगरकड्याची गोष्ट ऐकली, ती मुद्दाम यायला लागली. गोणपाटाचा पडदा तिनं काढून धुतला आणि त्याचं पायपुसणं केलं. आता सकाळी ठोके घालणारी बाई गल्लीतून जाणाऱ्या येणाऱ्याला दिसायची. दर्शनाला आलेल्या बायका दारात थांबून बघायच्या. कारागीर कोण, असं कोणी विचारलं की ती हातोडी न थांबवता म्हणायची, "बघून राहिल्या न्हाई का?"

गेल्या माघात मावशी गेली. त्याच्या दोन महिने आधी माझी त्या रस्त्यावरून बदली झाली. औंढ्यातला माझा शेवटचा दिवस होता. तिची तब्येत बरी नव्हती, म्हणून मीच सकाळी जाऊन पाया पडून आले होते. गाडी सुटायला दोन मिनिटं होती आणि गल्लीच्या तोंडातून ती येताना दिसली. स्टँडवर ती कधी येत नसे. हातात तांब्या होता, तांब्याचा, ठोक्यांनी अंगभर नक्षी उठलेला. बुडाला ठिपक्यांनी लिहिलेलं, गया.

"घे," म्हणाली. मी हात पुढं केला तर तिनं तांब्या मागं घेतला. गाडीत चढली, माझ्या बाटलीतलं पाणी त्यात काठोकाठ ओतलं, ड्रायव्हरशेजारच्या बोनेटवर पेपर अंथरून त्यावर तांब्या ठेवला, आणि पुढच्या सीटवर बसून घेतलं. हा गळायचा नव्हता, पण नियम तो नियम.

गाडीची वेळ झाली. ड्रायव्हरनं माझ्याकडं बघितलं. मी घंटीच्या दोरीला हात लावला नाही. पाच मिनिटं गेली. मागून एक जण म्हणाला, "बाई, गाडी काहून निघंना?"

"पहिलं पानी हाय," मी म्हणाले. "बसा गप."

बारा मिनिटांनी मावशीनं तांब्या उचलला आणि पेपरवरून बोट फिरवलं. कोरडा ठाक. "बराबर हाय," म्हणाली, आणि पाणी माझ्या हातात दिलं. मी उभ्या उभ्या प्याले. डोळ्यातलं पाणी पदरानं पुसलं तेही तिनं बघितलं. "आता मार घंटी, सुमन," म्हणाली.

ती उतरली आणि मी दोन घंट्या मारल्या. ड्रायव्हर गिअर टाकेपर्यंत ती गाडीच्या अंगावर टकटक करत मागच्या चाकापर्यंत गेली, ऐकलं, आणि मान हलवून गल्लीकडं वळली. ते तिचं माझं शेवटचं.

गाडी उशिरा निघाली की कागदावर कारण लिहावं लागतं. इतक्या वर्षांत औंढ्याहून माझी गाडी मी होऊन कधी उशिरा काढली नव्हती. तो रकाना मी त्या दिवशी पहिल्यांदा भरला. लिहिलं, कारागीर आल्या होत्या.